वेग वाढवूनही उशीर का होतो?

शाळेत इंटरनेटची जोडणी एक आणि संगणक वीस, असे समजू. एका संगणकावरून स्नेहसंमेलनाची चित्रफीत पाठवायला सुरुवात झाली, की दुसऱ्यावर चाललेल्या तासात शिक्षकांचा आवाज तुटू लागतो. मग ‘मोठा प्लॅन घ्या’ असा सल्ला मिळतो आणि शाळेचा दरमहाचा खर्च वाढतो. पुष्कळदा त्रास मात्र कायम राहतो. असे का व्हावे?

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. एका सेकंदात किती माहिती जाते ती वहनक्षमता, आणि माहितीचे एक पाकीट पोचायला किती वेळ लागतो तो विलंब. हा विलंब कोठे होतो, ते हिशेबाने पाहू.

पहिले कारण अंतर. वर्धा ते मुंबई रेल्वेने सुमारे ७६० किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन ८ मिलिसेकंदही लागत नाहीत. तारा वळणावळणाने जात असल्या तरी हा वेळ थोडाच राहतो.

दुसरे कारण पाकीट तारेवर चढवण्याचा वेळ. मोठे पाकीट १,५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटचे असते. सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या जुन्या जोडणीवर त्याला सव्वा सेकंद लागे. आज सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ मेगाबिट, वर पाठवणाऱ्या साध्या जोडणीवरही ६ मिलिसेकंद पुरतात.

तिसरे कारण रांग, आणि खरी गोम येथेच आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग सेवाग्रामपाशी एकत्र येऊन नागपूरकडे जातात. पुढचा मार्ग मोकळा नसेल, तर इंजिन कितीही वेगवान असले तरी गाडी सिग्नलला थांबते. राउटर हे असेच जंक्शन आहे. शाळेतील जाळे वेगवान आणि बाहेरची जोडणी अरुंद, त्यामुळे पाकिटे रांगेत थांबतात. रांगेत १,००० पाकिटे असतील तर ती १ कोटी २० लाख बिट झाली. २ मेगाबिटच्या जोडणीवर शेवटच्या पाकिटाला ६ सेकंद थांबावे लागेल! आवाजाचे पाकीट नेमके तेथे अडकते.

मग रांग एवढी वाढू का दिली जाते? १९८६ मध्ये अमेरिकेत जाळ्यातील गर्दीने वाहतूक जवळजवळ ठप्प झाली होती. त्यानंतर १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी मांडलेल्या उपायाचे तत्त्व असे : पाकीट हरवले की पाठवणाऱ्याने वेग कमी करावा. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि ‘पाकीट हरवू नये’ म्हणून राउटरमध्ये लांबलचक रांगा आल्या. पाकीट हरवतच नाही, म्हणून पाठवणारा वेग कमी करत नाही आणि रांग फुगत राहते.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, थांबण्याचा वेळ मोजते. सलग १०० मिलिसेकंद हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली उतरलाच नाही, तर ती एखादे पाकीट टाकून देते. पाठवणारा सावध होतो. ‘एफक्यू-कोडेल’ या सुधारित रूपात प्रत्येक संभाषणाची रांगही वेगळी असते, त्यामुळे चित्रफितीमागे आवाज अडकत नाही. लिनक्समध्ये ही सोय २०१२ पासून आहे.

म्हणून दोन नेटवर्क कार्डे बसवलेला, लिनक्सवर चालणारा जुना संगणक शाळेचा राउटर होऊ शकतो. एक पथ्य मात्र पाळावे. मोडेम आपल्या संगणकापेक्षा संथ असेल तर रांग मोडेममध्ये लागते आणि आपला नियम तेथे चालत नाही. यासाठी संगणकाचा पाठवण्याचा वेग मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधून घ्यावा. जोडणी १० मेगाबिटची असेल तर ९. येणाऱ्या माहितीलाही असाच बांध घालावा. दहावा हिस्सा सोडला, की रांग आपल्या ताब्यात येते. यासाठी नवा प्रोसेसर लागत नाही. पाकीट पुढे ढकलण्याचे काम मिलिसेकंदाच्याही लहानशा अंशात होते. मात्र जुना संगणक दिवसभर वीज खातो. हीच सोय असलेला छोटा राउटर मिळाला तर तो बरा.

आम्ही शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. एका संगणकावरून दूरच्या यंत्राला ‘पिंग’ करून मिनिटभराचे आकडे लिहून घ्या. मग दुसऱ्यावरून मोठी फाइल पाठवत असताना पुन्हा तेच करा. जाळे निवांत असताना २० आणि गर्दीत ८०० मिलिसेकंद आले, तर दोष रांगेचा. निवांत असतानाही आकडा मोठा आला, तर कारण जोडणीतच आहे आणि रांगेच्या नियमाने ते जाणार नाही. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो. त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान अर्धा सेकंद लागणारच. विद्यार्थ्यांना दोन्ही वेळचे आलेख काढू द्या. मोठ्या प्लॅनचा निर्णय ते आलेख पाहून घ्यावा.