कॅमेऱ्याची चाल शिकायला बुऱ्हाणपूर

मराठ्यांची बुऱ्हाणपूरवरची 1681ची स्वारी ‘छावा’त (2025) आली आणि हे नाव मराठी प्रेक्षकांच्या तोंडी पुन्हा आले. रावेर-भुसावळकडून कुणी हे शहर मोबाइलमध्ये टिपायला निघाले असेल, तर कॅमेरा कसा हलवायचा हेही त्याला इथेच शिकता येईल.

सुरुवात जामा मशिदीपासून करावी. दर्शनी भागात ओळीने 15 कमानी आहेत. परवानगी घेऊन अंगणात एका जागी उभे राहा आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवा. हा झाला पॅन. तसेच उभे राहून मिनाराच्या पायथ्यापासून टोकापर्यंत नजर नेली की टिल्ट. दोन्हींत कॅमेरा वळतो, जागा सोडत नाही. म्हणून कमानी सगळ्या दिसतात, पण सपाट.

आता खांबांच्या रांगेला समांतर चालत कॅमेराच पुढे न्या. जवळचे खांब भराभर मागे पडतात, लांबचे सावकाश सरकतात, आणि त्या फरकातून डोळ्याला खोली कळते. हा ट्रॅकिंग शॉट. झूमने हे कधीच साधत नाही, कारण त्यात जवळचे-लांबचे सगळे एकाच प्रमाणात मोठे होते. झूमलाच कॅमेऱ्याची चाल समजणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे. चालताना गुडघे किंचित वाकवा, कोपरे अंगाशी धरा. चालण्याचे धक्के जिरवण्यासाठीच गॅरेट ब्राउन यांनी 1970च्या दशकात स्टेडिकॅम तयार केला.

रूळ आणि ट्रॉली यायच्या आधी नाव होती. ल्युमिएर बंधूंचा कॅमेरामन अलेक्झांडर प्रोमिओ याने 1896 मध्ये व्हेनिसच्या कालव्यात नावेवर कॅमेरा ठेवून तीर टिपला. तापीत नाव मिळाली, तर काठावरचा शाही किल्ला तसाच टिपता येईल.

सर्वांत सुंदर चाल मात्र कुंडी भंडाऱ्यात मिळते. रहीम खानखानाच्या काळातली, 1615ची ही भूमिगत पाणीव्यवस्था. लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरताना कॅमेरा फिरवू नका. समोरची भिंत वर सरकू द्या. क्रेन शॉटचा आत्मा हाच, आणि इथे तो क्रेनशिवाय मिळतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) कॅमेरा बहुतेक वेळ हलतच नाही, तरी नजर हटत नाही. तेव्हा शाही किल्ल्यातल्या हमामचे रंगीत छत टिपताना फोन निदान दहा सेकंद स्थिर धरा. हलवायचाच असेल, तर कुठे थांबायचे ते आधी ठरवा.