दुर्बीण शास्त्रज्ञांची, वेल्डिंग कुणाचे?

दुर्बीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भिंगाची नळी येते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जी दुर्बीण उभी आहे तिला भिंगच नाही. लोखंडी पाइप, स्टेनलेस स्टीलचे दोर आणि तारेची जाळी यांची ती बनलेली आहे. निलंग्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये ट्रॉली, नांगर, पत्र्याचे शेड आणि खिडकीची ग्रिल तयार होते, तिथल्या कारागिराला हे सामान नवखे नाही. नवखे आहे ते त्याचे माप.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण म्हणजे असेच एक मोठे काम आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात येऊन ठेपले आहे. नागनाथाच्या दर्शनाला आपण जातो, पण तिथे २,६०० कोटी रुपयांचा विज्ञान प्रकल्प मंजूर आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यातला रुपया-दोन रुपये आपल्या भागात यायचे असतील तर आधी खोडदला काय घडले ते समजून घेतले पाहिजे.

खोडदच्या दुर्बिणीचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. नव्वदच्या दशकात ती उभी राहिली आणि २००१ साली जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडण्यासाठी तिथे ३० डिश आहेत. १४ डिश मधल्या चौकात, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. एका डिशचा व्यास ४५ मीटर. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका डिशचे तोंड जवळजवळ सोळा गुंठ्यांचे आणि तिसांची बेरीज पावणेबारा एकर! एवढे मोठे पत्र्याचे तवे उचलायचे, आकाशात हवे तिकडे फिरवायचे, वादळवाऱ्यात टिकवायचे, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता.

इथे डॉ. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाचे डोके चालले. या गृहस्थांनी १९६५ साली कल्याणला सहा-सहा फुटांच्या ३२ डिशची दुर्बीण मांडली होती. त्या डिश ऑस्ट्रेलियाने वापरून झाल्यावर दिलेल्या होत्या. पुढे १९७० साली त्यांनी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. खोडदला त्यांनी पत्रा काढूनच टाकला. चाळणीतून पाणी जाते, ज्वारी जात नाही. तसेच रेडिओ लहर लांब असेल तर तिला बारीक भोकांची जाळी पत्र्यासारखीच वाटते, वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, आणि सांगाडा हलका म्हणून मोटारी आणि पायाही त्या मानाने लहान. एका डिशला पाइपाच्या १६ कमानी, कमानींमधून ताणलेले स्टीलचे दोर आणि दोरांवर बांधलेली जाळी. जाळीची तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड. भोके मध्यभागी दहा मिलिमीटरची, कडेला वीसची.

म्हणजे शेळीच्या गोठ्याला आपण लावतो तशीच जाळी की, असे कुणी म्हणेल. दिसायला तशी, पण मापाला नव्हे. खोडदला पकडली जाणारी सर्वांत आखूड लहर साधारण २१ सेंटिमीटरची. अशा लहरीसाठी जाळीचा वाकवलेला आकार तिच्या विसाव्या हिश्श्याइतकाच चुकलेला चालतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४५ मीटरच्या पसाऱ्यात चूक एखाद्या सेंटिमीटरची, आपल्या भाषेत तीन सुताची! आपल्याकडे शेडचा खांब दोन इंच कलला तरी ‘चालतंय की’ म्हणून पत्रा ठोकतात. मोठे काम हातचे जाते ते या ‘चालतंय की’पायी, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

तरीही लक्षात घ्या, या दुर्बिणीचा आराखडा देशात झाला आणि पाइप कापणे, वाकवणे, जोडणे, पाया खोदणे, काँक्रीटचे मनोरे उभारणे, डिश वर चढवणे, केबलसाठी चर काढणे ही सारी कामे इथल्याच हातांनी केली. परदेशातून तयार दुर्बीण आणली असती तर हा पैसा बाहेर गेला असता.

गावाने मोजलेली किंमत

आता दुसरी बाजू, सरपंचांनी नीट वाचावी अशी. दुर्बीण आली म्हणजे कारखाने येतात असे नाही, उलट काही अडतात. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की विजेच्या तारेची ठिणगी, मोबाईलचा टॉवर, एवढेच काय वेल्डिंगची ठिणगीही तिला झाकून टाकते. म्हणजे दुर्बीण वेल्डिंगवरच उभी राहिली आणि तिच्या शेजारी वेल्डिंगचे दुकान मात्र नको! म्हणून खोडदभोवती सुमारे ३० किलोमीटरच्या टापूत उद्योगांना ना-हरकत घ्यावी लागते. पुणे-नाशिक नव्या रेल्वेच्या नियोजित मार्गालाही याच कारणाने हरकत आली. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ मात्र जोरात आहे. शेतमालाला रेडिओ लहरींचे काही देणेघेणे नाही.

औंढ्याचे काम आणि आपण

औंढ्याचा प्रकल्प रेडिओ दुर्बिणीचा नाही, हे आधीच सांगतो. त्याचे नाव लायगो-इंडिया. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरते. ती थरथर मोजणारे हे यंत्र. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ती पहिल्यांदा टिपली. औंढ्याच्या यंत्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. एकमेकांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब अशा दोन नळ्या, आत हवेचा लवलेश नाही, आणि त्यातून लेझरचा किरण.

त्या नळ्यांचे काम आपल्याला मिळेल अशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. सुईच्या अग्राएवढी गळतीही तिथे चालत नाही. ते मोठ्या कारखान्यांचेच काम. पण एवढा पसारा म्हटला की रस्ते, मोऱ्या, कुंपण, गेट, शेड, पाण्याच्या टाक्या, केबलचे ट्रे, जिने, कठडे, निवासाच्या इमारती हे आलेच. यातले बरेचसे काम मोठा कंत्राटदार पोटकंत्राटाने वाटतो. आमच्या मते आपला वाटा इथे आहे.

बाहेरून मोठे काम आले की काय होते हे लातूर-निलंग्याला सांगायला नको. १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांतली घरे कंत्राटदारांनी आणि संस्थांनी बांधली. जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे काम मात्र घरमालकांच्या हाती दिले गेले. ज्याच्या हाती काम, त्याच्या हाती कसब राहते.

आता करायचे काय? वर्कशॉपवाल्याने पहिल्यांदा ‘उद्यम’ नोंदणी करावी. आधारवर होते, फुकट होते. कुणी एजंट पैसे मागू लागला तर देऊ नयेत. केंद्राच्या खात्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावी असे धोरण आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. नोंदणी असेल तर अशा निविदेची फी आणि अनामत रक्कमही माफ. पण बांधकामाच्या ठेक्याला ही सवलत नाही आणि नुसत्या व्यापाऱ्यालाही नाही. माल तुम्ही स्वतः बनवला पाहिजे. मग ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर नाव घालावे. निविदा केंद्राच्या ई-निविदा संकेतस्थळावर बघाव्यात. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे असा कायदा आहे. मोठा कंत्राटदार पैसे अडवू लागला तर हा मुद्दा उपयोगी पडतो, म्हणून काम घेताना ऑर्डर कागदावरच घ्या. तोंडी काम कितीही ओळखीचे असले तरी नको.

वेल्डरकडे आयटीआयचा दाखला असावा. एकट्याच्या वर्कशॉपला मोठे काम झेपत नाही, म्हणून चार जणांनी मिळून एक प्लेट वाकवण्याचे यंत्र घेतले तर बिघडते कुठे? या सगळ्याची माहिती लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो) निविदेची जाहिरात गावच्या फलकावर लावली तरी पुष्कळ झाले.

ज्यांची पोरे लातूरला इंजिनिअरिंग शिकतात त्यांच्यासाठी आणखी एक. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अॅरे ही जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहत आहे. भारताने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि सभासद देशाच्या पैशाच्या बदल्यात बरेचसे काम त्याच देशातल्या उद्योगांना द्यायचे असे ठरलेले आहे. भारताच्या वाट्याला मुख्यतः सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, लोखंडकाम नाही.

खोडद बघायचे असेल तर २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिनाचा मुहूर्त चांगला. त्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते, शाळेची पोरे ठिकठिकाणाहून येतात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरायचे, तिथून खोडदला रस्ता जातो. मोबाईल मात्र बंद ठेवावा लागेल. शाळेची सहल काढणाऱ्या गुरुजींनी गाडीत एक-दोन जागा गावातल्या वेल्डरसाठी राखाव्यात.