कोरोनाव्हायरसाच्या प्रकारांची कोशिका-संवर्धनातील वाढ

व्हायरसांची वाढ केवळ जिवंत कोशिकांतच (पेशींतच) होते. त्यामुळे त्यांच्या अभ्यासासाठी काचेच्या वा प्लॅस्टिकच्या पात्रात वाढविलेल्या प्राणिज कोशिकांचा उपयोग करतात. २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान येथे आढळलेल्या व पुढे जगभर कोव्हिड-१९ ची साथ पसरविणाऱ्या सार्स-कोव्ह-२ या व्हायरसाचे आल्फा, डेल्टा, ओमिक्रॉन इ. प्रकार उत्परिवर्तनामुळे (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदलामुळे) निर्माण झाले. हे प्रकार एकाच जातीच्या कोशिकांत सारख्या वेगाने वाढत नाहीत. तसेच एकाच प्रकाराच्या वाढीचा वेगही कोशिकांच्या जातीनुसार बदलतो. कोशिका कोणत्या हे सांगितल्याशिवाय ‘अमुक प्रकार जलद वाढतो’ या विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

कोरोनाव्हायरसांच्या बाबतीत ही अडचण जुनीच आहे. १९६५ मध्ये टिरेल व बायनो यांनी सर्दीच्या रुग्णांकडून मिळविलेला मानवी कोरोनाव्हायरस नेहमीच्या संवर्धनात वाढेना. तो मानवी भ्रूणाच्या श्वासनालाच्या तुकड्यांवर वाढवावा लागला. ओसी-४३ या व्हायरसाच्या नावातील ‘ओसी’ ही अक्षरे अशा अंगसंवर्धनाचीच निदर्शक आहेत. २००५ मध्ये वर्णन केलेला एचकेयू-१ हा व्हायरस तर २०१० पर्यंत प्रयोगशाळेत वाढविता आला नव्हता.

सार्स-कोव्ह-२ मात्र व्हेरो या कोशिकावंशात सहज वाढतो. हा वंश १९६२ मध्ये जपानमधील चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या वृक्कापासून (मूत्रपिंडापासून) तयार करण्यात आला. ‘हिरवे वृक्क’ या अर्थाच्या एस्पेरांतो शब्दांचा संक्षेप म्हणजे व्हेरो. त्या भाषेत या शब्दाचा स्वतंत्र अर्थ ‘सत्य’ असा होतो. या कोशिकांत पहिल्या वर्गाच्या इंटरफेरॉनांची (व्हायरसाच्या वाढीस विरोध करणाऱ्या प्रथिनांची) जीनेच नाहीशी झालेली असल्याने व्हायरसाला फारसा प्रतिकार होत नाही. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये भारतात घेतलेल्या रुग्णांच्या नमुन्यांतून हा व्हायरस व्हेरो कोशिकांतच अलग केला आणि तेथील एका वाणापासून पुढे कोव्हॅक्सिन ही निष्क्रियित लस बनविण्यात आली.

वाढ मोजण्यासाठी कोशिकांमध्ये व्हायरसाची ठराविक मात्रा सोडतात व दर काही तासांनी संवर्धनद्रव काढून त्यातील संसर्गक्षम कणांची गणना करतात. कोशिकांच्या थरात व्हायरसाने पाडलेली मोकळी वर्तुळे (प्लाक) मोजणे ही त्याची रूढ पद्धत होय. केवळ रिबोन्यूक्लिइक अम्लाचे मापन केल्यास निर्जीव कणही हिशेबात येतात. हे काम तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच करतात.

प्रकारांमधील फरकाचे एक प्रमुख कारण व्हायरसाच्या प्रवेशमार्गात आहे. व्हायरसाचे शूक (स्पाइक) प्रथिन कोशिकेवरील एसीई-२ या ग्राहीला चिकटते. त्यानंतर ते प्रथिन छेदले जावे लागते. श्वसनमार्गाच्या कोशिकांवर टीएमपीआरएसएस-२ हे एंझाइम असल्याने छेदन पृष्ठभागावरच होते. व्हेरो कोशिकांत ते जवळजवळ नसते. तेथे व्हायरस कोशिकेच्या आतील पुटिकांत ओढला जातो व कॅथेप्सीन हे एंझाइम छेदनाचे काम करते. शूक प्रथिनात फ्यूरीन या आणखी एका एंझाइमाने छेदले जाणारे स्थान आहे. ते श्वसनमार्गात उपयोगी असले, तरी व्हेरो कोशिकांत अडचणीचेच ठरते; म्हणून व्हेरोच्या एका संवर्धनातून दुसऱ्यात असा व्हायरस वारंवार नेल्यास हे स्थान गमावलेले कण बहुसंख्य होऊ लागतात. अशा साठ्यावर केलेले प्रयोग रुग्णातील व्हायरसाविषयी दिशाभूल करतात. मानवी फुप्फुसाच्या कर्करोगापासून मिळविलेल्या कॅलू-३ कोशिकांत हा दोष सहसा उद्‌भवत नाही.

कोशिकांची निवड किती महत्त्वाची, हे क्लोरोक्वीन या हिवतापावरील औषधाच्या बाबतीत दिसून आले. ते पुटिकांतील अम्लता कमी करते, म्हणून व्हेरो कोशिकांत त्याने व्हायरसाची वाढ रोखली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत हे औषध व त्याचे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे रूप रुग्णांना देण्यास तातडीची परवानगी मिळाली. भारतात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून सुचविण्यात आले. रुग्णांवरील चाचण्यांत लाभ न आढळल्याने अमेरिकेने जूनमध्ये परवानगी मागे घेतली. कॅलू-३ कोशिकांत क्लोरोक्वीन निष्प्रभ ठरते, हे प्रयोग त्यानंतर, जुलैमध्ये प्रसिद्ध झाले. हा क्रम उलटा असता, तर बराच खटाटोप वाचला असता.

पहिला ठळक फरक २०२० मध्येच दिसला. शूक प्रथिनाच्या ६१४ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ग्लायसीन आलेला व्हायरस मानवी श्वसनमार्गाच्या ऊतकांत मूळ व्हायरसापेक्षा अधिक वाढला. व्हेरो कोशिकांत असा फरक विशेष जाणवला नाही. आल्फा या प्रकाराचे वैशिष्ट्य निराळे आहे. तो कोशिकेची प्रतिरक्षा दडपणारी काही प्रथिने जास्त प्रमाणात बनवितो, त्यामुळे श्वसनमार्गाच्या कोशिकांतून इंटरफेरॉन कमी स्रवते. इंटरफेरॉनच न बनविणाऱ्या व्हेरो कोशिकांत हा गुण कळणे शक्यच नव्हते. २०२० च्या अखेरीस भारतात प्रथम आढळलेल्या डेल्टात ६८१ व्या स्थानी प्रोलिनाऐवजी आर्जिनीन आहे. त्यामुळे फ्यूरिनाचे छेदन वाढते आणि लगतच्या कोशिका एकमेकींत विलीन होऊन मोठ्या बहुकेंद्रकी कोशिका बनतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका व बोट्‌स्वाना येथून नोंद झालेल्या ओमिक्रॉनच्या शूक प्रथिनात तिसाहून अधिक बदल होते. त्याचे प्रारंभीचे रूप टीएमपीआरएसएस-२ चा उपयोग कमी करते व पुटिकांचा मार्ग पसंत करते. त्यामुळे कॅलू-३ कोशिकांत ते डेल्टापेक्षा मंद वाढले, तर नाकाच्या उपकलेच्या (आवरणाच्या) संवर्धनात मागे राहिले नाही. हाँगकाँग विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगांत शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतकांचा उपयोग केला होता. श्वासनलिकेच्या ऊतकात २४ तासांत ओमिक्रॉनची वाढ मूळ व्हायरस व डेल्टा यांच्या सुमारे ७० पट झाली. फुप्फुसाच्या ऊतकात ती मूळ व्हायरसाच्या एकदशांशाहूनही कमी होती. ओमिक्रॉन जलद पसरतो, पण फुप्फुसाला कमी इजा करतो, या निरीक्षणाशी हे जुळते.

तथापि ऊतकाच्या तुकड्यात वृद्धाची क्षीण प्रतिरक्षा नसते आणि व्हायरसाची मात्राही प्रयोगकर्त्याने ठरविलेली असते. या संशोधकांनीही, कमी घातक असा व्हायरससुद्धा पुष्कळ लोकांना ग्रासून अधिक बळी घेऊ शकतो, असा इशारा त्याच वेळी दिला होता. २०२२ च्या आरंभी ओमिक्रॉनच्या बीए-२ या उपप्रकाराची लाट खुद्द हाँगकाँगमध्ये आली. तीत नऊ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत लस न घेतलेल्या किंवा अपुरी घेतलेल्या वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक होते.