माशीने मासा धरण्याची विद्या : दोर फेकण्याचे पहिले पाठ

शेतकीच्या मासिकात मासे धरण्याच्या विद्येस जागा कशास, असे काही वाचक विचारतील. आणि आमच्या माळकरी वाचकांस तर हा विषय मुळीच रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. तथापि ज्यांची जमीन नदीकाठी आहे त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, सुरुंगाने किंवा विष कालवून डोह मारला असता मोठ्या माशाबरोबर पिलेही मरतात व डोह ओसाड पडतो. १८९७ च्या कायद्याने हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरविले, तरी ते थांबलेले नाहीत. येथे वर्णिलेल्या रीतीने एका वेळी एकच मासा हाती येतो, आणि तोही जिवंत सोडता येतो. जेथे असे हौशी पाहुणे येऊन चार पैसे देतात, तेथे नदीची राखण करण्यात गावकऱ्यांचाच लाभ असतो.

हिमाचल प्रदेशात कुलूच्या बाजूस तीर्थन नावाची नदी आहे. सफरचंदाच्या बागा पाहण्यास गेलो असता ही विद्या आम्हांस तेथे जवळून पाहावयास मिळाली. तेथील ट्राउट हा मासा मूळचा परदेशचा. त्याची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मिरात आली, व पुढे १९०९ च्या सुमारास काश्मिरातून कुलूकडे गेली. थंड, स्वच्छ व वाहत्या पाण्यात हा मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. त्या किड्यांसारखी माशी पिसे, लोकर व रेशीम यांची आकड्यावर बांधावयाची, आणि ती त्याच्या पुढ्यात अलगद उतरवावयाची, हा सारा खेळ. गळाचा विनोद आपल्याकडे नवा नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. माशीची रीत मात्र पाश्चात्त्यांची.

आता मुख्य मुद्दा. साध्या गळास शिशाचा तुकडा बांधतात व त्या वजनाने दोरा दूर जातो. माशीस वजन असे नसतेच. फुंकरीने उडेल अशी ती असते. म्हणून येथे वजन दोरातच असते. पाच क्रमांकाच्या दोराचे पहिले तीस फूट १४० ग्रेन, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित अधिक भरतात. फेकावयाचा तो दोर. माशी त्याच्या मागून जाते. दोराच्या टोकास सुमारे नऊ फूट लांबीचा, निमुळता होत गेलेला पारदर्शक तंतू जोडतात, कारण जाड दोर दिसला की मासा बुजतो. नवशिक्यास नऊ फुटी काठी व पाच किंवा सहा क्रमांकाचा दोर पुरे. चरखीवर फार खर्च करू नये.

पहिले पाठ पाण्यावर गिरवू नयेत. कापलेल्या गवतावर उभे राहावे. आकड्याऐवजी लोकरीचा गोंडा बांधावा व पंचवीस-तीस फूट दोर समोर सरळ पसरावा. काठीच्या मुठीवर अंगठा वरच्या बाजूस ठेवावा, मनगट ढिले सोडू नये. आपण मोठ्या घड्याळाच्या तबकडीत डावीकडे, नवाच्या आकड्याकडे तोंड करून उभे आहोत, अशी कल्पना करावी. काठी सावकाश उचलून वेग वाढवीत न्यावी आणि डोक्यामागे एकाच्या आकड्यावर एकदम थांबवावी. मग थांबावे. दोर मागे उलगडून सरळ होईपर्यंत हात हलवू नये. तो झाला की वेग वाढवीत काठी पुढे आणून दहाच्या आकड्यावर पुन्हा थांबवावी व दोर खाली येईल तशी हळूच नमवावी. दोर जितका लांब, तितके मागचे थांबणे अधिक.

या थांबण्यातच आमच्या शेतकऱ्याचा हात अडतो. आमच्यातील एक सभासद गाडी हाकण्यात पटाईत. त्यांनी काठी हाती घेताच सवयीने आसूड ओढला. कडाड् असा आवाज झाला आणि तंतूचे टोक माशीसकट तुटून गेले. आसुडाचा आवाज हे गाडीवानाचे कौशल्य. येथे तो आवाज उतावळेपणाची खूण होय. सभासदांच्या अंगी बळ पुष्कळ, पण त्यांच्याहून शिकवणाऱ्याचा सडपातळ मुलगा दुप्पट अंतरावर दोर टाकीत होता. रोज पाव तास असा सराव केला तर हाताची ही सवय मोडते. रविवारी एकदाच तीन तास झटण्यात अर्थ नाही.

एक धोका शहरातील पुस्तके ओझरता सांगतात, पण आमच्या रानात तो मोठा आहे. हल्लीच्या काठ्या कार्बन तंतूंच्या असतात व त्यांतून वीज वाहते. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली वा तारांजवळ सराव मुळीच करू नये. आभाळ गडगडू लागताच काठी खाली ठेवावी. डोळ्यांवर चष्मा व डोक्यास टोपी असावी, आणि दर फेकीपूर्वी मागे माणूस, गुरे किंवा झाड नाही ना, हे पाहावे.

पाण्यावर गेल्यावर माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने जावे. आकड्याचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, म्हणजे तो सहज निघतो. मासा धरण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व तोच त्याचे रोगापासून रक्षण करतो. सोडताना त्यास प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच आधार द्यावा, आणि तो आपण होऊन निसटेपर्यंत धरावे. आपल्याकडे महाड तालुक्यात वाळण कोंड येथे महाशीर मासे देवाचे म्हणून लोक राखतात. अशा ठिकाणी काठी नेऊच नये. हिमाचलात जाणाऱ्यांनी मत्स्य खात्याचा परवाना घ्यावा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीमुळे मासेमारी बंद असते, हे जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे.