मुलांवर ‘व्हिज्युअल लर्नर’चा शिक्का कशासाठी?

पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : “आमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे, तिला ऐकून काही कळत नाही.” बोलणारे काळजीनेच बोलतात, पण दावा खोटा आहे.

गैरसमज : कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. ज्याच्या-त्याच्या शैलीत शिकवलं की अभ्यास पक्का होतो.

वस्तुस्थिती : मुलांना आवडनिवड असते, हे खरं. पण आवडीच्या पद्धतीने शिकवल्यावर त्यांना जास्त येतं का? २००८मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. दावा खरोखर पारखू शकतील असे प्रयोग मोजकेच निघाले आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष थेट विरुद्ध होते. २०१५मध्ये बेथ रोगोव्स्की यांनी ऐकणं पसंत करणाऱ्या आणि वाचणं पसंत करणाऱ्या प्रौढांना एकच मजकूर दिला. पसंतीचा आकलनाशी काही संबंध दिसला नाही.

पद्धत विषयावरून ठरते, मुलावरून नाही. गोदावरी कुठून कुठे वाहते हे प्रत्येकाला नकाशातच पाहावं लागतं. तबल्याचा कायदा ऐकून आणि हात चालवूनच बसतो. मग मुलांच्या कपाळी शिक्के कशाला मारायचे? ‘मी बघूनच शिकतो’ हे मनावर ठसलेलं मूल वाचनाचा कंटाळा करायला मोकळं होतं.

आणखी काही गैरसमज :

• ‘आपण दहाच टक्के मेंदू वापरतो.’ साफ चूक. झोपेतही सगळा मेंदू काम करत असतो.

• ‘गणिती माणसाचा डावा मेंदू वरचढ, कलावंताचा उजवा.’ युटा विद्यापीठाने २०१३मध्ये हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. एक बाजू वरचढ असलेली माणसं सापडली नाहीत.

• ‘आठवण म्हणजे चित्रफीत.’ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४मध्ये अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नातलं एक क्रियापद बदललं, तर प्रेक्षकांनी सांगितलेला गाडीचा वेगही बदलला.

शैलीने नाही, तर मग अभ्यास पक्का कशाने होतो? रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवलं; एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून शैली शोधणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. पुस्तक मिटायला लावा आणि मुलाला विचारा, “सांग बघू, काय वाचलंस?”