सामना मोटेऱ्यात, भोजन सूर्यास्तापूर्वी

चैत्र-वैशाखात व्यापारी घरांतून अहमदाबादच्या गाडीची चौकशी सुरू होते. पूर्वी ही चौकशी कापडाच्या खरेदीसाठी होई, लग्नाच्या साड्यांसाठी होई, किंवा शंखेश्वर-पालीताण्याच्या वाटेवरील मुक्कामासाठी होई. अलीकडे तिचे कारण घरातील बारा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. मोटेऱ्याच्या मैदानावरील सामना एकदा तरी प्रत्यक्ष पाहायचा हा त्यांचा हट्ट, आणि सामना रात्री साडेसातला सुरू होणार ही घरातील थोरांची अडचण. चोविहार करणाऱ्या आजी-आजोबांना सोबत न्यायचे, मुलांचा नियमही मोडायचा नाही आणि खेळाचा आनंदही गमवायचा नाही, हे जमवायचे कसे? कित्येक घरांत या प्रश्नाचे उत्तर न सापडल्याने एक तर बेत रद्द होतो, किंवा ‘प्रवासात चालते’ असे म्हणून नियम घरीच ठेवला जातो. अहमदाबादेत या दोहोंचीही गरज पडू नये. मात्र दिवसाची आखणी घड्याळाआधी सूर्याकडे पाहून करावी लागते.

प्रथम मैदानाविषयी. साबरमतीच्या काठी मोटेरा येथे हे स्टेडियम १९८०च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. मराठी क्रिकेटरसिकांच्या मनात त्याचे स्थान ७ मार्च १९८७ रोजी कायमचे झाले. त्या दिवशी पाकिस्तानविरुद्ध खेळताना सुनील गावसकर यांनी कसोटीतील दहा हजारावी धाव येथेच काढली. हा टप्पा गाठणारे ते जगातील पहिले फलंदाज. १९९४ मध्ये कपिलदेव यांनी रिचर्ड हॅडली यांचा बळींचा विक्रम मोडला तोही येथेच. जुने स्टेडियम पाडून बांधलेल्या नव्या वास्तूचे उद्घाटन २०२० मध्ये झाले. १ लाख ३२ हजार आसनांची ही वास्तू आज नरेंद्र मोदी स्टेडियम या नावाने ओळखली जाते. प्रकाशझोतांचे उंच मनोरे येथे नाहीत. छताच्या कडेने फिरवलेल्या दिव्यांच्या वलयातून उजेड मैदानावर उतरतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हरल्यानंतर याच आसनांवर पसरलेली शांतता अनेकांना आजही आठवत असेल. २०३०च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपदही या शहराकडे आले आहे. तेव्हा खेळाच्या निमित्ताने अहमदाबादेस जाण्याचे प्रसंग यापुढे वाढतच जातील.

आता सूर्याचे गणित. घरचे पंचांग येथे उपयोगी पडत नाही. उन्हाळ्यात अहमदाबादचा सूर्यास्त पुणे-कोल्हापूरपेक्षा उशिरा होतो; एप्रिलच्या मध्यास तो सातच्या आसपास आणि मेअखेरीस सव्वासातनंतर होतो. नोव्हेंबरात मात्र तो सहाच्याही आधी उरकतो. म्हणजे आयपीएलच्या दिवसांत सायंकाळी साडेसातचा सामना असेल, तर सूर्यास्तापूर्वी जेवून, पाणी पिऊन, पच्चक्खाण घेऊन जागेवर बसणे शक्य आहे. दुपारी साडेतीनचा सामना सोयीचा वाटतो, पण तोच जैन कुटुंबाला अधिक गैरसोयीचा ठरतो. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेता येत नाहीत आणि सामना संपून माणूस बाहेर पडतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो. खरे तर जैन दिनचर्येशी सर्वांत जुळणारा क्रिकेटचा प्रकार म्हणजे कसोटी. हिवाळ्यात नवकारशी करून निघावे, सायंकाळी खेळ थांबताच बाहेर पडावे आणि चोविहार गाठावा. पण हे मुलांना पटवणे कठीण!

संध्याकाळच्या सामन्याला खरी अडचण येते ती पाच ते साडेसहाच्या दरम्यान. अहमदाबादच्या प्रसिद्ध थाळीगृहांत रात्रीचे जेवण बहुधा सातच्या सुमारास सुरू होते. चोविहार करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून थाळीचा बेत दुपारीच ठेवावा. लाल दरवाजाजवळ, सिदी सैयदच्या जाळीसमोर, १९२४ साली मंगळदास गिरधरदास या गिरणीमालकांनी बांधलेल्या हवेलीत आता हॉटेल आहे आणि तिच्या गच्चीवरील ‘अगाशिये’ची थाळी नावाजलेली आहे. खर्च भरपूर, पण एका भोजनात गुजराती स्वयंपाकाची संपूर्ण ओळख होते. साध्या खर्चात एलिसब्रिज परिसरातील थाळीगृहे उत्तम. कोठेही बसताच ‘जैन’ हा एक शब्द उच्चारला की बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी येते, कांदा-लसूण नाहीसा होतो. या शहरात त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

तथापि ‘जैन’ म्हटल्याने सर्व प्रश्न सुटले असे समजू नये. थाळीत डाळीचे पदार्थ आणि ताक एकत्र येतात. द्विदळाचा दोष टाळणाऱ्यांनी कढी उकळलेल्या ताकाची आहे का, हे विचारावे आणि थंड छास नाकारावी. फाल्गुन चौमासीनंतर ज्या घरांत भाजीपाला बंद होतो, त्यांना मेथीचे थेपले आणि फरसाणावरील कोथिंबीर दोन्ही वर्ज्य, हे आधी सांगावे लागते. वाढपी विसरतो, विशेषतः कोथिंबिरीच्या बाबतीत. आंबलेल्या पिठाच्या ढोकळ्यापेक्षा ताजा वाफवलेला खमण बरा. हिवाळ्यातील उंधियू मोहात पाडतो, पण त्यात रताळी, सुरण, बटाटे असतात. केळी घातलेला जैन उंधियू वेगळा मागावा. मे महिन्यात मात्र निःशंक मनाने आमरस-पुरीवर ताव मारावा, कारण आर्द्रा नक्षत्रानंतर अनेक घरांत आंबा बंदच होतो.

सायंकाळच्या भोजनासाठी सर्वांत चांगला उपाय शहराबाहेर, गांधीनगरच्या रस्त्यावरील कोबा येथे सापडतो. तेथील श्री महावीर जैन आराधना केंद्रात भव्य जिनालय, धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे. मेट्रोची मार्गिका मोटेऱ्याहून पुढे कोब्यावरूनच गांधीनगरला जाते. सकाळी कोबा गाठावे, दर्शन-पूजा करावी, दुपारी विश्रांती घ्यावी, चोविहार तेथेच आटोपावा आणि मग मोटेऱ्याकडे निघावे. भोजनशाळेच्या वेळा आणि माणसांची संख्या आदल्या दिवशी कळवून ठेवणे हा शिष्टाचारही आहे आणि सोयही. शेवटच्या क्षणी पंधरा माणसे दारात उभी राहिली की रसोडा कितीही मोठा असला तरी ताण पडतोच. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवतीचे रस्ते लवकर तुंबतात, हे लक्षात घेऊन हाताशी तासभर अधिक ठेवावा.

कोब्याच्या ज्ञानमंदिरातील हस्तलिखितांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. व्यापारी घरातील मुलांना जुन्या वह्या ठाऊक असतात. ताडपत्रावर लिहिलेले ग्रंथ पाहताना त्यांचे डोळे विस्फारतात. येथील आणखी एक गोष्ट क्रिकेटच्या हंगामातच येते. दरवर्षी २२ मे रोजी दुपारी २ वाजून ७ मिनिटांनी सूर्यकिरण शिखरातून येऊन महावीरस्वामींच्या मूर्तीच्या कपाळावरील तिलकावर पडतो. आचार्य कैलाससागरसूरी यांच्या अंत्यसंस्काराची ही वेळ. स्थापत्य आणि गणित यांच्या साहाय्याने ती साधली आहे.

कोब्यापासून अडालजची वाव दूर नाही. १४९९ च्या सुमारास पूर्ण झालेली, राणी रूदाबाईंच्या नावाशी जोडलेली ही पाच मजली विहीर. वर पारा बेचाळीस अंशांवर असताना पायऱ्या उतरू लागले की गारवा अंगाला जाणवतो. दुपारचा एक तास घालवण्यास याहून चांगली जागा नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मे महिन्यात सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत गर्दीत, घामाघूम अवस्थेत पाण्याविना बसणे लहान मुलांना व वृद्धांना झेपेलच असे नाही. मुलगा हट्टाने चोविहार करतो म्हणतो तेव्हा आईवडिलांना अभिमान वाटतो, पण दिवसभर त्याने पुरेसे पाणी प्यायले आहे की नाही, हे पाहणे त्यांचेच काम. तिविहारात पाण्याची मोकळीक असते; गुरुमहाराजांना विचारून त्या दिवसापुरते तिविहाराचे पच्चक्खाण घेता येते. ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी तर आधी वैद्यांना विचारावे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ जुन्या शहरासाठी राखून ठेवावी. २०१७ मध्ये युनेस्कोने या परकोटातील शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तो मान मिळवणारे हे भारतातील पहिले शहर. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघणारी वारसा पदयात्रा पोळांतून फिरत माणेकचौकाजवळ संपते. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली गल्ली: लाकडी कोरीव घरे, पक्ष्यांना दाणे घालण्याचे चबुतरे, पावसाचे पाणी साठवण्याची अंगणाखालील टाकी आणि मध्ये कोठेतरी बाहेरून घरासारखेच दिसणारे देरासर. या शहरातील नगरशेठ घराणे जैन होते, हे मुलांना येथे सांगावे. त्यात मराठ्यांचाही संबंध येतो, आणि तो काही आपल्या अभिमानाचा नाही. १७२५ च्या सुमारास मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात असताना शांतिदास झवेरी यांचे नातू खुशालचंद यांनी स्वतःच्या तिजोरीतून रक्कम भरून शहर वाचवले. व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेपोटी मालावर शेकडा चार आणे या घराण्यास देण्याचे ठरवले. पुढे याच शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा संयुक्त अंमल आला.

दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंग देरासर चुकवू नये. पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचे हे संगमरवरी बावन जिनालय १८४८ मध्ये पूर्ण झाले. ते आरंभणारे शेठ हठीसिंग केसरीसिंग मध्येच निवर्तले आणि काम शेवटास नेले ते त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी. नवऱ्याच्या पश्चात एवढा कारभार हाती घेऊन तडीस नेणाऱ्या या स्त्रीची कथा आपल्या घरांतील मुलींना अवश्य सांगावी. साबरमती आश्रम शांतपणे पाहण्यास अर्धा दिवस हवा. घाईत असाल तर निदान हृदयकुंज पाहावे. लालभाई दलपतभाई संस्थेत जैन चित्रे आणि पोथ्या आहेत. तिची इमारत रचणारे बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे.

माणेकचौकाची रात्र सर्वश्रुत आहे. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो तेथेच दुकाने बंद झाल्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. रात्रिभोजन न करणाऱ्या कुटुंबाने तेथे सकाळी जावे, रतनपोळेत साड्या पाहाव्यात, गरम फाफडा आणि पपईचा संभारो खावा. सामना सुटल्यावर मध्यरात्री मुले तिकडे ओढू लागतील. सोबतचे मित्र पावभाजीच्या वासाने थांबतीलही. त्या वेळी उपदेशापेक्षा दुपारची भरपेट थाळी आणि सायंकाळची कोब्याची खिचडी अधिक कामी येते. परतीसाठी सामन्याच्या दिवशी मेट्रो उशिरापर्यंत चालते, पण गर्दी प्रचंड असते. वृद्ध बरोबर असतील तर अखेरच्या षटकाची वाट न पाहता उठावे, किंवा गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच बसून राहावे. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी, गाडी थांबत असेल तर, साबरमती स्थानकावर उतरावे. कालुपूरपेक्षा ते मोटेऱ्यास जवळ आहे. आणि परतताना खाकऱ्याची पाकिटे घ्यावीत, साधा, जिऱ्याचा. मेथीचा घेण्यापूर्वी तिथी पाहून.