मरण आतल्या थरापासून सुरू होतं

हार्ट अ‍ॅटॅक आला की हृदयाचं जे नुकसान व्हायचं ते त्याच क्षणी होऊन जातं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गुठळीने धमनी बंद झाल्यावर हृदयस्नायूच्या पेशी कित्येक तास मरत राहतात. वाचवता येण्याजोगं पुष्कळ काही त्या तासांतच शिल्लक असतं.

हे मोजून दाखवलं कीथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी बांधली आणि ठरावीक वेळाने सोडली. ४० मिनिटांनी सोडली तेव्हा रक्त तुटलेल्या भागातला सुमारे ३८ टक्के स्नायू मेला. ३ तासांनी ५७ टक्के, ६ तासांनी ७१ टक्के. बांधलेलीच ठेवली तेव्हा २४ तासांत ८५ टक्के. मरणाला दिशाही होती. ते हृदयाच्या पोकळीलगतच्या आतल्या थरात सुरू होई आणि बाहेरच्या थराकडे सरकत जाई. मुख्य धमन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात, त्यांचे फाटे भिंतीत आत शिरतात. सगळ्यात आतला थर त्यांच्या टोकाला असतो, आणि प्रत्येक ठोक्याला दाबही त्यालाच जास्त सोसावा लागतो.

एका पेशीत काय घडतं? हृदयाची पेशी अखंड राबते, पण ऊर्जेचा साठा फारसा ठेवत नाही. तिच्या आकारमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनी, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या कणांनी भरलेला असतो आणि त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. तो तुटला की मिनिटभरातच पेशी आकुंचन पावणं थांबवते. ती अजून जिवंत असते. ऑक्सिजनविना थोडी साखर जाळून ती तग धरते, पण त्यातून आम्ल साचत जातं. ऊर्जा आटली की पेशीतलं सोडियम बाहेर टाकणारा पंप मंदावतो. सोडियम साचतं, मागोमाग कॅल्शियम घुसतं, पाणी शिरून पेशी फुगते. साधारण २० ते ४० मिनिटांनंतर पहिल्या पेशींचं आवरण फाटू लागतं. आतलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. दवाखान्यात रक्त तपासून शोधतात ते हेच.

रक्त परत आलं की सारं सुरळीत होतं, असंही नाही. अचानक आलेल्या ऑक्सिजनमुळे आणि कॅल्शियममुळे अर्धमेल्या पेशी आवळल्या जातात, मायटोकाँड्रियांच्या पडद्याला छिद्रं पडतात आणि काही पेशी नेमक्या त्याच वेळी दगावतात. ही छिद्रं रोखण्यासाठी सायक्लोस्पोरिन देऊन पाहिलं गेलं, पण २०१५ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. तरीही धमनी उघडण्याला पर्याय नाही. बंद धमनीमागचा स्नायू सोडून देणं त्याहून कितीतरी महाग पडतं.

मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४चा माग काढून स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की विशीच्या मध्यावर वर्षाला जेमतेम एक टक्का हृदयपेशी नव्या होतात, आणि पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे पांढऱ्या पेशी मलबा उचलतात आणि दीड-दोन महिन्यांत तिथे घट्ट व्रण तयार होतो. तो फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही.

वेळेची किंमत माणसांतही मोजली गेली आहे. इटलीत १९८६ साली ११,८०६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज पहिल्या तासाभरात मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. ६ तासांनंतर दिलं तेव्हा फायदा उरला नाही.

आणि आपल्याकडे? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय पाहणीत २०,४६८ रुग्णांची नोंद होती. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं निघाला. आत आल्यावर गुठळीचं इंजेक्शन मिळायला ५० मिनिटं. म्हणजे बहुतेक स्नायू ‘पित्त असेल’ म्हणण्यात, मुलगा कामावरून येण्याची वाट पाहण्यात, गाडी शोधण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात जातो. याच पाहणीत गरिबांचं ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ८.२ टक्के होतं, श्रीमंतांचं ५.५. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरली नाही.